बाबांच्या आंब्याचे फोटो

केडगाव,
दि. १८ जानेवारी २०२६

ति. पंकजाताईस,
बिभीषणचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे मी ठीक आहे. तुझी व बाळाची तब्येत कशी आहे? थंडी आहे, बाळाला कुंची घालत जा. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो, असं आईला सांग. सावेडीतल्या कॉफीच्या दुकानात आता मला मशीनवर घेतलं आहे.

हे पत्र मात्र आधी तू एकटीने वाच. फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून लिहितो आहे.

दुकानात रोज दोन-तीन किलो कॉफीचा चोथा निघतो. तो झाडांना चांगला, असं मी मोबाईलवर वाचलं. दिवाळीपासून रोज डबा भरून आणायचो आणि बाबांच्या आंब्याच्या आळ्यात टाकायचो. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून थापीने दाबून सारखा करायचो. चार बोटं थर झाला. किती टाकायचा, तेही तिथे लिहिलं होतं. मूठभर, मातीत मिसळून. मी ते वाचलं होतं, ताई. पण बाबांना मूठभर द्यायला मन होईना.

पानं पिवळी पडली, मग गळली. काल नर्सरीतल्या गहिनीनाथमामांना घरी आणलं. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, ते थरावरून घरंगळून वाटेवर गेलं.

"आळं हाय का फरशी बसवलीस?" ते म्हणाले. "रोज पानी घालतुयास, खाली थेंब न्हाई गेला."

बाबांची रक्षा नदीत न सोडता आपण आंबा लावताना त्याच खड्ड्यात घातली, हे सांगितल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि हातानेच थर सोडवला.

आई रोज विचारते, "तुझ्या बापाला पानी घातलंस का?" मी हो म्हणतो. ते खोटं नाही. फोटो खोटे आहेत. मागच्या चार रविवारी पाठवलेले चारही फोटो, पहिलं पान पिवळं दिसलं त्या एकाच दिवशी काढलेले आहेत. मी फक्त शर्ट बदलून झाडाशेजारी उभा राहिलो.

मामांनी खोडाला नख लावून पाहिलं. वर सगळं तपकिरी, जमिनीपासून वीतभर हिरवं. "फुटंल, न्हाई तर न्हाई," एवढंच म्हणाले. महिनाभर वाट बघायची. आई तर पुढच्या आठवड्यात येणार.

सोबत आजचा फोटो छापून ठेवला आहे. त्यात मी उभा राहिलो नाही. आई बसमध्ये बसायच्या आधी तिला तो दाखव. दारात आल्यावर तिने पहिल्यांदा पाहायला नको.

तुझा,
बिभीषण

ता. क. पाणी आता खाली जातं.