दादासाठी बेचाळीस किलोमीटर

५ सप्टेंबर

ठरलं. जानेवारीत मॅरेथॉन पळायची. पूर्ण. अर्धीबिर्धी नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढे मन डळमळलं तर वाचता येईल. दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात रक्तगट जुळतो तो फक्त माझा. वहिनींचा जुळत नाही, ताईला डायबिटीस. म्हणजे देणार मीच, त्यात वादच नाही. पण द्यायची तर चांगली द्यावी. इतकी वर्षं फोटोफ्रेमच्या दुकानात स्टुलावर बसून जी किडनी आळसावलीय, ती सख्ख्या भावाच्या गळ्यात मारायची म्हणजे जुना माल पॉलिश करून खपवण्यासारखं आहे. आधी पळून शरीर कमावतो, मग देतो.

रात्री जेवताना घरच्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घालून जेवण संपवलं. भारावले असावेत.

७ सप्टेंबर, पहाटे

गजर झाला. पाय तयार होते, पण झोप पुरी झाली नव्हती. झोप हाही ट्रेनिंगचाच भाग आहे. झोपलो.

१३ सप्टेंबर

नवे शूज घालून पोस्टापर्यंत पळालो. परत बसने आलो. पहिल्याच दिवशी अतिरेक नको.

हॉस्पिटलातून फोन होता. डोनरच्या चाचण्यांना सोमवारी या म्हणाले. सोमवार म्हणजे रविवारच्या लाँग रनचा दुसरा दिवस. त्या दिवशी रक्त दमलेलं असतं, रिपोर्ट उगाच खराब यायचा. पुढची तारीख घेतली. फोनवरची बाई म्हणाली की असं काही नसतं. तिला पळण्यातलं काय कळणार.

२१ सप्टेंबर

बँकेतला मित्र माझा कोच झाला. स्वतः कधी पळालेला नाही, पण व्हिडिओ फार बघतो. त्याने मोबाईलवर ग्रुपही काढला, नाव ‘दादासाठी धाव’. घरचे, दारचे सगळे त्यात आहेत. दादाला घेतलेलं नाही. त्याला सरप्राईज द्यायचं आहे.

२ ऑक्टोबर

आज वहिनींनी विचारलं, भाऊजी, तुमचं हे पळणं कधी संपतं? किती आस्थेनं विचारलं. मी सगळा तक्ता काढून समजावला, आठवड्यागणिक. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि भांडी घासायला उठल्या.

आमच्या घरात कुणी कुणाकडे सरळ काही मागत नाही, पहिल्यापासूनच. आई पाणीसुद्धा मागायची नाही, घसा कोरडा पडलाय म्हणायची आणि आम्ही समजून उठायचो. एकमेकांना न बोलता समजून घेणारी माणसं आहोत आम्ही. म्हणून तर एवढा सपोर्ट मिळतोय.

१९ ऑक्टोबर

डावा गुडघा बोंबलतोय. केमिस्टने गोळी दिली. जादू आहे. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि पळताना खिशात दोन.

दुकानात दादाने गोळ्यांचं पाकीट बघितलं. आज त्याची डायलिसिसची सुट्टी, म्हणून काच कापायला बसला होता. हात थरथरतो, पण काच अजून सरळ कापतो. म्हणाला, छोट्या, माझ्या कशाने गेल्या ते विसरलास का? तर त्याच्या अशाच गेल्या. टेबलावर वाकून पाठ धरायची, की घेतली गोळी, दहा वर्षं. पण दादाची गोष्ट वेगळी. तो बसून घ्यायचा, मी पळून घेतो. घामातून सगळं निघून जातं, कोच म्हणाला.

दादाला म्हटलं, काळजी करू नकोस. तो म्हणाला बरं, आणि पुढची काच घेतली.

६ नोव्हेंबर

दुसरी तारीख. गेलो होतो हॉस्पिटलात, खोटं कशाला लिहू. बायको सोबत होती. लिफ्टपाशी एक माणूस भेटला, त्याने बायकोला किडनी दिलीय. आपण होऊन शर्ट वर करून टाके दाखवले. काही नाही हो, म्हणाला, पंधरा दिवसांत कामावर. मला एकदम कसंतरीच झालं. पाणी कमी पडलं असणार, सकाळी मोठा रन झाला होता. अशा अवस्थेत सुई टोचून घेण्यात अर्थ नव्हता. बायकोला म्हटलं, चल.

बसमध्ये बायको म्हणाली, तुम्हाला भीती वाटते तर तसं सांगून टाका, कुणी तुम्हाला खाणार नाही. मी म्हटलं, बेचाळीस किलोमीटर पळणारा माणूस भितो होय? ती म्हणाली, अजून एकदाही पळालेला नाहीत. इथून पुढे तिच्याशी ट्रेनिंगबद्दल बोलायचं नाही. निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा, असं सगळेच सांगतात.

२३ नोव्हेंबर

टी-शर्ट छापून आले. पुढे दादाचा फोटो, मागे ‘दादासाठी धाव’. कोचने दुकानात येऊन दादाला घालून दाखवला. सरप्राईज फुटलं, पण दादा हसला. फोटोकडे बघत राहिला बराच वेळ. आमच्याकडे फ्रेमला येणाऱ्या फोटोंतले निम्मे गेलेल्या माणसांचेच असतात, त्यामुळे त्याला सवय आहे. म्हणाला, फोटो चांगला आलाय, जपून ठेव, पुढे कामाला येईल. सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन.

आजारपणातही त्याची विनोदबुद्धी शाबूत आहे. याचा अर्थ प्रकृती सुधारतेय.

१५ डिसेंबर

दादाला डायलिसिस चालू असतानाच चक्कर आली. रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले हृदयावर ताण येतोय, फार थांबू नका. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मीच म्हणालो, एकोणीस जानेवारीला रेस, वीसला मी तुमच्या दारात. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

एवढी मेहनत घेऊन आता महिनाभरासाठी सोडून द्यायची? मग ते टी-शर्ट, ग्रुप, लोकांचा उत्साह, सगळं पाण्यात. दादालाही आवडणार नाही. त्याला विचारलं. तो म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. म्हणजे त्याचाही पाठिंबा आहे.

२८ डिसेंबर

सर्वांत लांब पळणं. वीस ठरलं होतं, अकरा झालं. उरलेले नऊ मनातल्या मनात पळालो. व्हिज्युअलायझेशन म्हणतात त्याला.

गोळ्या आता तीन वेळा. गुडघा ऐकत नाही.

११ जानेवारी

दादाने मेडलसाठी फ्रेम बनवलीय. खोल पेटीसारखी, आतून निळी मखमल. कोपऱ्यांचा सांधा शोधूनही सापडत नाही. चार दिवस लागले म्हणे, एरवी तासाभराचं काम. मध्येमध्ये दम लागतो म्हणून जमिनीवरच आडवा व्हायचा, असं ताई म्हणाली. मी म्हटलं, एवढं कशाला केलंस? तो म्हणाला, तू माझ्यासाठी पळतोयस ना.

आज मला जेवण गेलं नाही. रेसचं टेन्शन.

१९ जानेवारी, पहाटे

निघतोय. दोन गोळ्या घेतल्या, चार खिशात. पाणी कमी पिणार आहे, नाहीतर वाटेत थांबावं लागतं. कोचची आयडिया.

घरचे तिसाव्या किलोमीटरला थांबणार आहेत. दादाही येतोय, नको म्हटलं तरी. आजच्या दिवसासारखा दिवस नाही.

१९ जानेवारी, संध्याकाळ

गाडीत बसून लिहितोय, कोच चालवतोय. हात जड झालेत.

निम्म्याच्या पुढे चालतच होतो, तेही रेलिंग धरून. तिसाव्याला वळणावर आमची मंडळी दिसली. सगळ्यांच्या अंगात टी-शर्ट. दादा दुकानातल्या स्टुलावर, खांद्यावर शाल, छातीवर त्याचाच फोटो. मला बघून हात वर केला आणि उभा राहायला लागला. वहिनींनी दंडाला धरलं. मग मी पळालो. खरंच पळालो, देवाशपथ, त्यांच्या समोरून ताठ मानेनं. वळण संपेपर्यंत. वळणापलीकडे फुटपाथवर बसलो तो उठलोच नाही.

शेवटी कोचने धरून तिथल्या संडासात नेलं, तर लघवी काळ्या चहासारखी झाली. कोचला सांगितलं. व्हिडिओत याबद्दल काही नव्हतं म्हणाला. तो गाडी हॉस्पिटलकडे घेतोय. मी म्हटलं, बरं झालं, एक दिवस आधीच पोचतोय.

२१ जानेवारी, हॉस्पिटल

मानेत नळी आहे. मान न हलवता लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

स्नायू फुटून रक्तात उतरले, त्यात तीन महिन्यांच्या गोळ्या, त्यात पाणी नाही. दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस मशीनवर राहाल, मग बहुतेक परत चालू होतील. बहुतेक. मी विचारलं, दादाला द्यायचं कधी करू या, एप्रिल चालेल का? डॉक्टर म्हणाले, तुमचं नाव यादीतून काढलंय, ज्या आहेत त्या आता स्वतःसाठी जपा. मी म्हटलं, पण मी पूर्ण तयारी केलीय. ते पुढच्या पेशंटकडे गेले.

इथे डायलिसिसची मशिनं पाच आणि पाचही रोज भरलेली. इमर्जन्सी आली की कुठल्या तरी ठरलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवसावर ढकलतात. आज या वेळेला या खुर्चीवर दादाचा नंबर होता. टेक्निशियन म्हणाला की कुणाला ढकलायचं हे ठरत नव्हतं, तेव्हा दादाच पुढे झाला. माझ्या भावाला घ्या, मी उद्या येतो.

वहिनी आत आल्या होत्या. उशाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, भाऊजी, तुम्ही सप्टेंबरात का नाही आलात? इतकं सरळ आमच्या घरात कधी कुणी विचारलेलं नाही. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. तक्ता घरी राहिला होता. मी डोळे मिटून घेतले. झोप हाही रिकव्हरीचाच भाग आहे. त्या गेल्याचं बऱ्याच वेळाने कळलं.

दाराला काच आहे. काचेतून बाहेरचा बाक दिसतो. घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण दादा गेलेला नाही. पाय सुजलेत, चपला काढून बाजूला ठेवल्यात, मांडीवर माझे शूज. मी बघतोय हे दिसताच त्याने हात वर केला, परवा वळणावर केला होता तसाच.

सपोर्टला थांबलाय.