दोन बेटांमधला निरोप

बाबा, दिल्लीत मी ज्या बेट-देशाच्या दूतावासात टायपिंग करते तो एवढासा आहे की आपल्या शाळेतल्या नकाशावर माशी बसली असती तर झाकून गेला असता. शेजारचं बेट त्याहून लहान. पण ऐट अशी की मासेमारीच्या हद्दीवरून दोघांनी कित्येक वर्षं संबंध तोडले होते आणि एकमेकांचे मासेमार धरून ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी यंदा बोलणी सुरू झाली, ती पहिलं पत्र कुणी लिहायचं यावर अडली. मला हसू आलं. मोहगावात तुमची आणि काकांची संत्र्याची बाग एकाच विहिरीवर होती, पाण्याच्या पाळीवरून तुम्ही बोलणं टाकलं होतं, आणि दोन्हीकडची राजदूत मी, नऊ वर्षांची.

एकदा तुम्ही सांगितलं, विहिरीवरच्या मोटारीला हात लावू नको म्हणा काकांना. मी सांगितलं, बाबा म्हणतात उद्या पाणी तुम्हीच घ्या. काकांनी खुशीत मोटार सुरू केली आणि माझं पितळ उघडं पडलं. माय भाकरी थापत होती, तिच्यासमोर तुम्ही म्हणालात, "म्या सांगतलं तेवढंच सांगजो. आपल्या मनचं काही टाकू नको." मला ते फार लागलं.

मागच्या महिन्यात त्या दुसऱ्या बेटाच्या दूतावासातून फोन आला. रुक्ष मजकूर मी उतरवून घेतला. शेवटी तिथली बाई म्हणाली, आमचे साहेब विचारतात, तुमच्या साहेबांचा गुडघा आता कसा आहे. पण हे लिहू नका. मी लिहिलं. आमच्या राजदूतांनी ती ओळ दोनदा वाचली आणि स्वतः फोन लावला. पंधरा दिवसांत सह्या झाल्या, मासेमार घरी गेले. ऑफिसात पेढे मी वाटले.

शाबासकीसाठी सांगत नाही. तुम्ही रागावलात त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला बांधावर थांबवलं. "त्याले सांग, पाळी मी सोडत नाही. अन् खोकला लय वाढून राहिला त्याचा. नागपूरले दाखवू म्हणा, मी संग येतो." घरी येऊन मी पाळीचं तेवढं सांगितलं. तुमचा विश्वास बसला नसता, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे मी रुसले होते. तुम्ही नागपूरला गेलात तेव्हा फार उशीर झाला होता.

सुटीत मोहगावजवळ सौंसरला आले आहे. काका आता पांढुर्ण्याला असतात, काल त्यांच्याकडे जाऊन आले. खूप थकलेत. आपणहून तुमचा विषय काढून म्हणाले, "म्या नागपूरले चाल म्हणलं होतं त्याले. आला नाही." मी चहा संपवला, त्यांच्या पाया पडले आणि बस पकडली.