कुपीतला गोचीड

प्रिय दीक्षा बेटा,

जय भीम. तुझ्या लेकाला लांबूनच एक पापी.

पत्र मिळालं. नामकरणाला आईला एकटीलाच पाठवा, बाबांनी तलावावरचं काम सोडलं तरच त्यांनी यावं, असं तुझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे, हे लिहिताना तुला किती जड गेलं असेल ते अक्षरावरूनच दिसलं. आईने पत्र वाचलं आणि धुतलेली भांडी परत घासायला घेतली. मला वाईट वाटलं बेटा, खोटं कशाला बोलू? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही तुम्ही नागपुरातच उरकलंत. तेव्हा मी काही बोललो नाही. आता गप्प बसूनही थकायला होतं.

सगळं त्या कुपीपासून सुरू झालं. व्याही आपल्याकडे आले होते, आणि मी मोठ्या हौसेने खिशातून काचेची कुपी काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. मिलमध्ये असताना चांगलं कापड निघालं की त्याचा तुकडा आलेल्या पाहुण्याला दाखवायचो ना, अगदी तसंच. पण कुपीत होता गोचीड, रक्त पिऊन टम्म झालेला. विहीणबाईंनी हातातला लाडू खाली ठेवला तो ठेवलाच. तुझी आई अजून मला त्यावरून सुनावते. म्हणते, अहो, जेवणाच्या वेळी कोण दाखवतं असलं काही?

पण काम काय आहे ते तरी ऐकून घे. हिवाळ्यात सिरपूरच्या तलावावर पाखरं येतात, पार हिमालयापलीकडून. धोबी नावाचं एक चिमुकलं पाखरू आहे, सारखी शेपटी हलवतं. रोगांचा अभ्यास करणारे डॉक्टरसाहेब आणि आम्ही मदतनीस पहाटे बारीक जाळी लावतो, त्यात ती अडकतात. मी सोडवतो, पायात नंबराचं कडं घालतो आणि कानाच्या भोकापाशी, डोळ्यांभोवती बघतो. तिथे गोचिडाची पिल्लं चिकटलेली असतात, तिळाएवढी. कुठल्या तरी मुलखात पाखरावर चढायचं, फुकटात रक्त पीत प्रवास करायचा, पोट भरलं की इथल्या गवतात टपकन पडायचं. मग म्हैस चरायला आली की तिच्यावर, माणूस आला की माणसावर. त्यात एखादा रोग असला तर तोही असाच येतो. पाखराला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. सगळ्याच गोचिडांत रोग नसतो, पण कशात आहे ते शोधायलाच तर आम्ही त्यांना कुपीत भरून लॅबला पाठवतो. सासूबाईंना वाटतं तसा माझ्याकडून रोग तुमच्या घरी यायचा तर आधी मला गोचीड चावायला हवा. मी पायजमा मोज्यात खोचतो, परत आलो की आई मला अंगणातच उभा करते, कपडे उकळत्या पाण्यात, आणि मी बालदीजवळ लहान पोरासारखा. नाक्यावरचा बाबूराव हसतो, म्हणतो, क्या भिया, गोचीड-डॉक्टर!

हसू दे. मिल बंद झाल्यावर मी किती बेकार दिवस काढले ते तू पाहिलंयस. साच्यावर तुटलेला धागा जोडणारी ही बोटं नुसती विडी फिरवत बसली होती. थकलेली देणी मिळतील म्हणून मिलच्या गेटवर जायचो, तिथे सगळे माझ्यासारखेच. जाळीतून पाखरू सोडवायला पहिल्यांदा हात घातला आणि बोटांना सगळं आठवलं बघ. पिसाला धक्का न लावता गाठ सुटली. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो. म्हणून काम सोडवत नाही गं.

डॉक्टरसाहेबांना तुझ्या पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, चांगदेवजी, घाबरण्यासारखं काही नाही, मी तपासून तसं लिहून देतो. मला संताप आला. बापाला लेकीच्या उंबऱ्यावर चिठ्ठी लागते? नको म्हणालो आणि सायकल काढली. कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत आलो. तिथे एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन नदी दाखवत होता. नदीत बघण्यासारखं काय आहे आता, नुसता काळा नाला. पण पोरगं खुश होतं. मी तिथूनच सायकल परत डॉक्टरसाहेबांकडे फिरवली. चिठ्ठी सोबत जोडली आहे. इंग्रजीत आहे, शिक्का आहे. सासूबाईंना दाखव. चालली तर लगेच कळव, आईच्या तिकिटाबरोबर माझंही काढतो. आल्यावर आधी अंघोळ करीन, मगच आत येईन. नाही चालली तर वाद घालू नकोस, तुला तिथे राहायचंय. फक्त बाळाची मूठ उघडून नीट बघ आणि लिही, बोटं कोणावर गेलीत.

तुझाच,
बाबा