कपाटाशेजारी मी कसा दिसेनासा झालो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत का होईना पण चालत असतील, भावोजींचा खोकला नेहमीच्या वेळेला उठत असेल आणि भाचेबुवांना तुझ्या हाका ऐकू येत नसतील, म्हणजे सगळं यथास्थित आहे असं धरून चालतो. मी मजेत आहे. तुझ्या या खेपेच्या पत्रात 'आता हट्ट सोड आणि आमच्याकडे राहायला ये' हे वाक्य नव्हतं. (पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. समासातही नव्हतं.) बरं झालं. दर वेळी नाही म्हणायचं माझ्याही जिवावर येतं. शिवाय आता मी इथे पुरता रुळलोय, त्याचा पुरावाच देतो.

तुझी भावजय गेल्यावर मी मुद्दाम लांबची बदली मागून घेतली, ओळखीच्या माणसांनी रस्त्यात थांबवून 'कसे आहात' विचारू नये म्हणून. ती सोय इथे उत्तम झाली आहे. कुणीच विचारत नाही. खोलीत एक पाल आहे, ट्यूबलाइटच्या मागे राहते. दुसऱ्या दिवशीचा धडा मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो. सध्या चौथीला प्राणी परिस्थितीशी कसं जुळवून घेतात ते चालू आहे. संकटात पाल शेपूट टाकून पळते, तो भाग आला तेव्हा मी आवाज जरा खाली आणला, उगाच तिला वाईट वाटायला नको. (हसू नकोस. तू एकटी राहून बघ.)

पोरं मात्र वस्ताद आहेत. उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते, हे मी घसा फोडून सांगितलं, तर एकाने लिहिलं की उंट चरबी पाठीवर साठवतो आणि मोठ्या बाई सगळीकडे. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.) त्याला ते खोडायला लावलं आणि बाहेर जाऊन हसून आलो. पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, तिच्या तोंडी सदा 'का' असतं, म्हणून मी तिला का-बाई म्हणतो. नाकतोडा गवतात दिसत नाही तर मग आम्हाला का दिसतो, असं तिने विचारलं. उत्तर सुचलं नाही की मास्तर खेळ घेतो. मी कागदाची फुलपाखरं वर्गभर चिकटवली, पोरं पक्षी झाली. लाल-पिवळी फुलपाखरं हां हां म्हणता खाल्ली गेली आणि भिंतीच्या रंगाची तेवढी वाचली. धडा कळला होता, तिथेच थांबायला हवं होतं. पण पोरं म्हणाली, सर, आता तुम्ही लपा, आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

अंगात तुझ्या भावजयीने विणलेला तपकिरी स्वेटर होता, आणि वर्गाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांपाशी, अगदी त्याच रंगाचं कपाट. कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात मी श्वास रोखून उभा राहिलो. डोळेही मिटले (डोळे चमकतात, हे मीच शिकवलं होतं). पोरं आली, समोरून दोनदा गेली, परत फिरली. मी मनातल्या मनात फुगलो. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि चौथीचा वर्ग जसा सुटतो तसा सुटला. मला वाटलं, येतील परत. आला तो शिपाई. मान खाली घालून त्याने झाडू मारला, माझ्या बुटांपाशी थोडा कचरा राहू दिला, दिवा घालवला आणि बाहेरून कडी लावून गेला.

हाक मारता आली असती. लाज वाटली हे आहेच, पण ताई, खरं कारण तुला सांगतो. मला बघायचं होतं कुणाला माझी आठवण होते का. डब्याची पिशवी वर्गात टेबलावर होती, छत्री खुंटीला होती, तेव्हा सर कुठे गेले असं कुणीतरी म्हणेल असं वाटत होतं. कुणी म्हणालं नाही. मी बराच वेळ तसाच उभा होतो, आणि फार एकटं वाटलं. उजेड कमी व्हायला लागला तसा खिडकीच्या गजांतून रखवालदाराला हाक मारली. त्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, कुणाकडे आला होतात? या शाळेत मला दुसरं वर्ष लागलंय आणि रोज त्याच्या नाकासमोरून मी आत जातो. मी म्हटलं, चौथीच्या सरांकडे. तो म्हणाला, ते गेले. मग कडी काढून मला बाहेर सोडलं आणि पुढच्या वेळी शाळेच्या वेळात या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी का-बाई उभी राहिली. आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून प्राणी लपतात, मग सर, तुम्हाला कोण खात होतं? मी तिला धडा पुन्हा वाच म्हणून सांगितलं. घरी येऊन मीही वाचायला बसलो. शेवटच्या पानावर पेंग्विन आहेत. कडाक्याच्या थंडीत ते सगळे एकमेकांना चिकटून उभे राहतात, कडेचे गारठले की हळूहळू आत सरकतात आणि आतले कडेला येतात. पुढे माझ्याने वाचवेना. पाल बिचारी तशीच थांबली होती.

तर असा मी इथे रुळलो आहे. काळजी नसावी. भावोजींना नमस्कार, भाचेबुवांना जागे असतील तेव्हा आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं भावोजींना जेवताना सांगू नकोस. हसले की त्यांना ठसका लागतो.

आणखी एक. ते वाक्य तुझ्याकडून राहून गेलं की मुद्दाम गाळलंस? राहिलं असेल तर आता लिही. गाळलं असशील तरी लिही.

आणखी एक, आणि मग पाकीट बंद करतो. तुझ्या उत्तराची वाट बघायचा धीर नाही. बदलीचा अर्ज देऊन टाकलाय आणि सुट्टी लागली की सकाळच्या गाडीने निघतोय. रस्ता मला पाठ आहे, सामानही फारसं नाही, तरी स्टँडवर कुणाला तरी पाठव. कुणी नसेल तर तूच ये, गुडघे सांभाळून. उतरल्यावर कुणीतरी 'आलास का रे' म्हणावं, एवढंच.