किल्ली एकच, ती भाडेकरूकडे

१२ मार्च, रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावून घेतेस ना रोज? मी बरी आहे. म्हणजे बरी आहे असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं झालंय, सांभाळून घे. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस. हे मला कुणी मध्ये न थांबवता सांगायचंय.

खोलीला भाडेकरू मिळाली.

तू सांगितलेलीच जाहिरात मी आधी दिली होती, शब्दन् शब्द. 'प्रशस्त, हवेशीर, शांत.' माणसं भरपूर आली गं. एक गृहस्थ खोलीच्या मधोमध उभे राहून मला विचारतात, "प्रशस्त खोली कुठली?" एका नर्सने खिडकी उघडली, समोरच्या बेकरीच्या यंत्राची घरघर ऐकली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मला चहा विचारायचंही सुचेना. जो तो मला खोटारडी ठरवून जिना उतरत होता, आणि त्यांचं काही चुकतही नव्हतं.

शेवटी ती जाहिरात काढून टाकली आणि जे आहे ते लिहिलं. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर लावली, शेजारणीने तिच्या फोनवरूनही सगळीकडे पाठवली. तुला कळवलं नाही, ओरडली असतीस. ही बघ:

'एका बाईसाठी खोली भाड्याने देणे आहे. खोली लहान आहे. दुपारनंतर ऊन येतं ते संध्याकाळपर्यंत हलत नाही. समोर बेकरी आहे, यंत्राचा आवाज पहाटेपासून. न्हाणीघर माझ्यासोबत वापरावं लागेल, नळ गळतो. घरमालकीण बोलकी आहे. पलंग, कपाट मजबूत. दाराला आतून भक्कम कडी. किल्ली एकच, ती भाडेकरूकडे राहील. विचारल्याशिवाय खोलीत कुणी येणार नाही.'

यावर फोन कमी आले, पण जे आले ते कामाचे. एक चित्रकलेच्या बाई तर म्हणाल्या, "आवाजाचं चालेल, मीही पहाटेच उठते." त्यांच्याशी जवळजवळ ठरलंच होतं.

तुझ्या लाडक्या भाच्याला मी जाहिरातीचं सांगितलं नव्हतं. नव्या फ्लॅटवर राहायला जाईपर्यंत खोली त्याची आणि सूनबाईची. त्याला वाईट वाटेल म्हणून राहून गेलं. तर परवा मी दुकानातून आले, तेव्हा दारात सूनबाई उभी. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात एक पिशवी. मला वाटलं, खोली द्यायची नाही असा त्याचा निरोप घेऊन आली असणार.

ती म्हणाली, "आई, खोली गेली का?"

"अजून नाही. का गं?"

"मला बघायचीय."

मी हसले. म्हटलं, तुला काय बघायचीय, दोन वर्षं राहिलीस की तिथे! ती हसली नाही. चपला काढून आत गेली आणि खरंच, परक्या बाईसारखी खोली बघायला लागली. खिडकी लावून पाहिली. दाराची कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग आतूनच विचारलं, "किल्ली एकच आहे असं लिहिलंय. खरंय का?"

"मी कशाला खोटं लिहू?"

"त्याच्याकडे नाही ना?"

"कुणाकडे?"

तिने कडी काढली, दार उघडलं आणि काळा चष्मा उतरवून हातात घेतला.

ताई, तू बसली आहेस ना? डावा डोळा सुजून बंद व्हायला आला होता. खाली गालापर्यंत काळंनिळं. बाहीखाली दंडावर बोटांचे वळ. तिने मला सगळं दाखवलं, एकेक करून, जसं दुकानात गिऱ्हाईक तुटलेली काडी दाखवतं. कुणी केलं ते मी विचारलं नाही. ती तरी बोलली, "त्यानेच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. फ्लॅट घेतला तो भिंतीपलीकडे तुम्ही नको म्हणून."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणाले, "नळ गळतो गं."

काय झालं होतं मला, माहीत नाही. पलंगावर बसले आणि नळाबद्दलच बोलत राहिले, प्लंबर येतो म्हणतो पण येत नाही, वगैरे. डोक्यात मात्र तिचा नेहमीचा चष्मा. दर थोड्या दिवसांनी दुकानात यायची, फ्रेम वाकलेली, दरवेळी डावीकडूनच. मी माझ्या हाताने सरळ करून द्यायचे आणि चेष्टा करायचे, चष्मा लावून झोपतेस का गं! तीही हसायची.

मी म्हटलं, राहा, हे तुझंच घर आहे. तर ती एकदम कडक झाली. "तसं नको. भाडं घेणार असाल तरच राहते. माहेरी जाऊन आले, तिथून समजूत घालून परत पाठवलं. इथे सून म्हणून राहिले, तर तो न्यायला येईल आणि तुम्ही 'जा बाई' म्हणाल. भाडेकरूला असं कुणी घेऊन जातं का?"

मी 'नाही' म्हणाले. चित्रकलेच्या बाईंना फोन करून खोली गेल्याचं कळवलं, भाडं घेतलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

दोन रात्री झाल्या, तरी मला खरं वाटत नाही. म्हणजे ती खोटं बोलत नाही हे कळतंय, आणि तरी मन म्हणतं, तो नसेल गं तो. आजारी कुत्र्याच्या पिल्लाला उराशी धरून झोपणारा आपला मुलगा. तूच नव्हतं का त्याला

रविवार, संध्याकाळ

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. तोच होता. सफरचंदं घेऊन आला होता. "आई, किती वाळलीस!" म्हणाला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला. मग अगदी गोड आवाजात, "आहे ना ती इथे? रागावलीय जरा. बोलाव."

मी म्हटलं, "त्या खोलीत भाडेकरू आहे."

"आई, मस्करी पुरे."

"मस्करी नाही. भाडं घेतलंय."

तो उठला. दारावर थाप मारली, तिचं नाव घेतलं. आतून कडी घातलेली होती. दुसरी थाप इतकी जोरात, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. मी मध्ये जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. "बाजूला हो," म्हणाला. मी झाले नाही. "माझी बायको आहे ती!" म्हणाला आणि त्याचा हात वर गेला.

ताई, माझा हात आपोआप माझ्या चष्म्याकडे गेला. काढून मुठीत घट्ट धरला, तुटू नये म्हणून. मला कुणी शिकवलं नव्हतं. तोवर मी नुसतं ऐकलं होतं, तेव्हा कळलं.

त्याने ते पाहिलं. हात तसाच हवेत. म्हणाला, "आई... मी तुला मारणार होतो असं वाटलं तुला?"

मी म्हटलं, "हो."

मला चष्म्याशिवाय त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, हे एक बरं झालं. तो निघून गेला, दार उघडंच टाकून. कितीतरी वेळाने आतली कडी निघाली. ती बाहेर आली, बाहेरचं दार लावलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. दोघीही रडलो नाही. बेकरी चालू होती.

आता तो तुझ्याकडे येईल. त्याला दुसरं जायला ठिकाण नाही. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडेल, आणि ते रडणं खोटं नसेल. त्याला जेवायला घाल. पण "एकदा येऊ दे, माफी मागतोय" असा निरोप मला धाडू नकोस. तुझ्यापुढे मला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते.

उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस चौकीत जातोय. ती म्हणाली, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी जाणार आहे. तिथे माझं नातं विचारतील. घरमालकीण म्हणून सुटता येईल, तीही तसंच सुचवते. पण मी सांगणार आहे, मी त्याची आई.

हे तुला बाहेरून कळू नये म्हणून लिहिलं. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझी,
धाकटी