अर्धी जीभ

वडिवळे, ता. ३ डिसेंबर १९३८

चि. सौ. रतन हीस भिमाजीचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम लिहिण्यासारखे नाही, तिकडील असेल ते कळव. वि. वि.

मुंबईहून परत आलो. कॅन्सरसकट अर्धी जीभ डॉक्टरांनी कापून घेतली, हे दाजींकडून तुला कळलेच असेल. गावात मात्र तो शब्द कुणी उच्चारत नाही, 'त्ये दुखणं' म्हणतात. ज्यांचे बांधाचे तंटे पाटील म्हणून मी चावडीवर बसून मिटवले, ते आता रोज माझे तोंड बघायला येतात. हौशीराम कानाशी येऊन ओरडतो. माझी जीभ गेली, कान नव्हे, एवढे त्या रेड्याला समजत नाही. काल महिपती माझ्यादेखत तुझ्या वहिनीला विचारत होता, पाटील आणखी किती दिवस काढतील म्हणून. मी पाटीवर लिहून दाखवले, 'तुझ्यापेक्षा जास्त.' त्या गाढवाला वाचता येत नाही.

पेज निम्मी बाहेर सांडते, लाळ थांबत नाही. तुझी वहिनी लहान पोरापुढे बसावे तशी समोर बसून राहते. तिलाही अक्षर येत नाही. म्हणून मी आता गोठ्यात जेवतो. बैल कीव करत नाहीत.

रेडियमच्या उपचारासाठी पुन्हा मुंबईस बोलावले आहे. जाणार नाही. ह्या तोंडासाठी आणखी खटाटोप कशाला?

लोभ असावा, कीव नसावी.
भिमाजी

लोणावळा, ता. ९ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप दादांस रतनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. त्यात सगळ्या गावाला नावे ठेवलीत, स्वतःला तेवढे वगळलेत. वहिनीच्या कपाळाविषयी एक अक्षर नाही.

ती इथे आली आहे. जन्मात कधी एकटी आगगाडीत बसली नव्हती, ती कामशेतपर्यंत चालत जाऊन गाडीने आली. कशाला, तर मुंबईची गाडी कधी सुटते आणि दवाखान्यात बाईमाणसाला राहू देतात का, हे ह्यांना विचारायला. कपाळाला खोक होती. आधी म्हणाली, चौकट लागली. मी हळद भरायला घेतली तेव्हा म्हणाली, बोलत व्हते तवा शिव्या द्यायचे, आता पाटी फेकत्यात, वाचता येत न्हाई ना मला.

दादा, राग हौशीरामाचा आणि पाटी बायकोला? असला नवरा चावडीवर उभा राहिला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, ते मला तोंडपाठ आहे. दुखण्याची भीती वाटत असेल तर वाटू द्या, मलाही वाटते. पण लाळ गळते म्हणून गोठ्यात दडणाऱ्या माणसाला मी पाटील म्हणणार नाही. कीव नको म्हणता, तर खुशाल असा. इथे तुमची कीव कुणाला आलेली नाही.

वहिनीला मी पाठवणार नाही. न्यायची असेल तर स्वतः या आणि तोंडाने विचारा. पाटी आणू नका.

लोभ आहे, म्हणूनच एवढे लिहिले.
रतन

मुंबई, ता. २२ डिसेंबर १९३८

चि. सौ. रतन हीस अनेक आशीर्वाद. दवाखान्याच्या खाटेवरून लिहितो आहे. रेडियमच्या सुयांनी तोंड पेटले आहे. इथला वॉर्डबॉयही माझ्याशी ओरडूनच बोलतो. हौशीराम सगळीकडे असतात.

तुझे पत्र वाचून दोन-तीन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कामशेत गाठले. तिकिटाच्या खिडकीशी लोणावळा म्हणायला गेलो. ल नाही, ण नाही, ळ नाही; जिभेशिवाय त्या गावाचे उरते काय? आतला बाबू म्हणाला, पिऊन आलास काय. मागचे लोक हसले. घाटाकडे बोट दाखवले तेव्हा कुठे तिकीट मिळाले. मळवली स्टेशन येईपर्यंत उतरून परत जावेसे वाटत होते.

तुझ्या परसात ती धुणे वाळत घालत होती. तू मुद्दाम आत निघून गेलीस ते मी पाहिले. पुढचे तुला ठाऊक नाही. मी बरेच ठरवून आलो होतो, पण घशातून नुसता घरघर आवाज निघाला. ती जागची हलली नाही. शेवटी ओठांनी जमले तेवढे म्हणालो, माफ. त्या शब्दाला जीभ लागत नाही, हे कळण्याचा प्रसंग मला आजवर आलाच नव्हता.

ती म्हणाली, काय म्हणालात, कळलं न्हाई. मी पुन्हा म्हणालो. तिने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हणालो की तुझी शेजारीण कुंपणावरून डोकावली. रतन, तिला पहिल्याच वेळी कळले होते. मग म्हणाली, मुंबईला येते, पण जेवायचं माझ्यासमोर.

आता तिच्यासमोर सांडतो. ती आपली भाकर खात असते.

गुण येईल की नाही, हे डॉक्टर तिच्याकडे बघून पुटपुटतात. काल ती त्यांना म्हणाली, मला काय सांगता, दुखणं त्येंचं हाय, त्येंच्याकडं बघून बोला. मोठा साहेब चपापला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आताच काही सांगता येत नाही.

इतक्या दिवसांत कुणीतरी मला सांगितले.

लोभ राहू दे.
भिमाजी