जिन्यावरची शीळ

मंगळवार, दिवेलागण

धून जमली आणि तेव्हापासून चैन नाही.

गणपतीतल्या नाटकाला संगीत माझं. त्यात दिनकर तीनदा येतो. आधी हसरा, मग वाटणीनंतर भावांशी अबोला धरलेला, शेवटी घरात सगळ्यांवर संशय घेणारा. नाटक बसवणारे चौधरी सर म्हणाले, "ताई, धून एकच ठेवा, माणूस बदलला पाहिजे." म्हणून चाल तीच ठेवली. दुसऱ्यांदा फक्त लय उतरवली आणि तिसऱ्यांदा शुद्ध गंधाराच्या जागी कोमल घेतला. पेटीवर पांढरी सोडून शेजारची काळी पट्टी, बस्स. दिनकर काळवंडला.

पण मूळ धून कुठून उचलली, ते सरांना सांगितलं नाही. जिना चढताना हे शीळ घालतात ना, तीच. घालायचे म्हणू का? यांच्या भावाभावांत शाहपूरच्या केळीच्या मळ्याची वाटणी झाली, त्यानंतर कधी ऐकली मी?

आज तिन्ही वाजवून होईपर्यंत हे दारात उभे होते, मला कळलंच नाही.

"ही तर माझी शीळ आहे न?"

"हो."

"मग शेवटी असी मनहूस कायले केली?"

"नाटकात तसं आहे," म्हणाले मी. हे चप्पल घालून बुधवारा पेठेकडे निघून गेले. रागावले असतील? गंधार परत शुद्ध करू का? पण मग दिनकर कुठला उरतो?

आत्ता आले. मला ऐकू जावी म्हणून मुद्दाम शीळ घालत जिना चढले, अगदी पहिल्यासारखी, जलद.

पण यांच्या शिळेतही गंधार कोमलच लागला.